कंपायलर बघून घेईल!

गेल्या रविवारी दुपारी बेल वाजली. दारात डिलिव्हरीवाला. पाठीवर भली मोठी पिशवी, एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात फोन. मी ओटीपी सांगणार, तेवढ्यात त्याला पुढच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. त्याच्याशी अर्धा मिनिट बोलून तो परत ॲपमध्ये आला, तर ॲपने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती. लोगो... मग गोल गोल फिरणारं चक्र... मग लॉगिन. "सॉरी हां सर, दोन मिनिटं थांबा. फोनला रॅम कमी आहे ना, तीन जीबीच आहे, म्हणून असं होतं."

म्हणजे चूक त्याच्या फोनची. त्याने ती मान्यही करून टाकली होती, आणि वर माफी मागत होता.

ते ॲप आमचं आहे. आमचं म्हणजे, ज्या कंपनीत मी नोकरी करतो तिचं, आणि त्यातला निम्मा कोड आमच्या टीमचा. मी त्याला हे सांगितलं नाही. पाणी विचारलं, त्याने नको म्हटलं, ओटीपी टाकला आणि जिना उतरून गेला. माझं जेवण मात्र गोड लागलं नाही.

(फोन उचलल्यावर स्क्रीनची स्थिती जपून न ठेवणं ही पण आमचीच चूक. ती वेगळी, ती दुरुस्त होईल. आज विषय दुसरा आहे.)

मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागे गेलेली ॲप्स मारायला लागतं, आणि त्यात जे गलेलठ्ठ असतं ते आधी डोळ्यांत भरतं. आमचं ॲप गलेलठ्ठ आहे हे सगळ्यांना माहीत आहे. सर्व्हरचीही तीच कथा. तिथे गेल्याच महिन्यात एक पॉड मेमरीची मर्यादा ओलांडून रात्री दीड वाजता मेला, आणि त्याच्या मयताला मी हजर होतो. दोन्हीकडे मॉडेलचे क्लास तेच, एकाच लायब्ररीतून आलेले. मी सोमवारी ऑर्डरचा क्लास बदलायचा प्रस्ताव टाकला. रिव्ह्यूत पहिली कॉमेंट आली:

"अरे सोड ना. हे सगळं कंपायलर बघून घेतो."

एवढं वाक्य पुरलं मला. गेली दहा-बारा वर्षं ते मी इतक्यांदा आणि इतक्या हुशार माणसांच्या तोंडून ऐकलंय की शेवटी आज हा लेख लिहायला बसलोय. कंपायलर काय बघतो, काय बघत नाही, आणि काय बघूच शकत नाही, ते एकदा नीट मांडू.

आधी हिशेब. आमच्या ऑर्डर क्लासमध्ये पाच फील्ड्स आहेत: आयडी, नग, किंमत, रोखीची आहे की नाही, आणि स्टेटस. यात खरी माहिती किती? आयडीचे ८ बाइट, नगांचे ४, किमतीचे ८, रोखीचा १, आणि स्टेटस मोजून सहा-सात प्रकारचं, म्हणून त्यालाही १. एकूण २२ बाइट.

आता हॉटस्पॉट जेव्हीएमवर, ३२ जीबीहून लहान हीपमध्ये, यांना किती जागा लागते? कुणीतरी (कमिट बघितलं, मीच!) सगळी फील्ड्स डबाबंद ठेवली होती. लाँग मोठ्या एलचा, इंटिजर, डबल मोठ्या डीचा, बूलियन मोठ्या बीचा, आणि स्टेटस म्हणजे स्ट्रिंग. ऑर्डरचं स्वतःचं हेडर १२ बाइट, पाच संदर्भांचे २०, झाले ३२. लाँगचा डबा २४. इंटिजरचा १६. डबलचा २४. बूलियनचे दोनच डबे सगळ्यांत मिळून वापरले जातात, तो फुकट. स्ट्रिंगचं ऑब्जेक्ट २४, आणि तिच्या आत 'डिलिव्हर्ड' हा इंग्रजी शब्द ठेवणारा ॲरे ३२. बेरीज करा. १५२ बाइट. २२ बाइटच्या मालाला १५२ बाइटचं वजन! पेढ्यांबरोबर पुठ्ठ्याचं खोकंही तोलणाऱ्या हलवायाशी आपण भांडतो. इथे खोकं पेढ्यांच्या सहापट भरतंय आणि आपण "बघून घेईल" म्हणतोय.

सर्व्हरच्या कॅशमध्ये अशा ५० लाख ऑर्डरी. ७६० एमबी. त्या हॅशमॅपमध्ये आहेत, म्हणजे प्रत्येकीला ३२ बाइटचा एक नोड, आणखी १६० एमबी. वर मॅपचं टेबल, ३३ एमबी. गेले ९५० एमबी.

हाच क्लास साध्या छोट्या एलच्या लाँगने, छोट्या डीच्या डबलने आणि स्टेटससाठी एनम वापरून लिहिला तर? हेडर १२, फील्ड्सचे २५, आठच्या पटीत वर ढकलून ४० बाइट. ५० लाखांचे २०० एमबी. आयडीवर शोधायला प्रिमिटिव्ह किल्लीचा मॅप घेतला (फास्टयुटिलसारख्या लायब्रऱ्यांत तो तयार मिळतो), तर त्याचे साधारण १०० एमबी. ९५० चे ३००. यात कसलीही जादू नाही, चौथीतली बेरीज-वजाबाकी आहे.

आता मुद्द्याचा प्रश्न. हे रूपांतर कंपायलरने आपणहून का केलं नाही? तो तर म्हणे फार हुशार असतो.

हुशार आहेच. पण तो फक्त जे सिद्ध करता येतं तेच करतो, आणि आपण त्याला काही सिद्ध करू देत नाही. आयडी मोठ्या एलचा आहे म्हणजे तो नल असू शकतो. नल आणि शून्य यांत फरक आहे, डबा काढला की तो फरक गेला. शिवाय डब्याला स्वतःची ओळख असते. इंटरव्ह्यूमध्ये १२७ आणि १२८ चा प्रश्न विचारतात ना, दोन इंटिजर दुहेरी बरोबर चिन्हाने ताडले तर १२७ ला खरं आणि १२८ ला खोटं का येतं? आपण उत्तर पाठ करून जातो, नोकरी मिळते, पण त्याचा अर्थ असा की भाषेने प्रत्येक डब्याला 'मी वेगळा, तो वेगळा' म्हणायचा हक्क दिलाय. तो हक्क कंपायलर मोडू शकत नाही. जावात कुठल्याही ऑब्जेक्टला कुलूप लावता येतं, कुठल्याही ऑब्जेक्टकडे ओळख-हॅश मागता येतो. कोण कधी मागेल सांगता येत नाही, म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर हेडरचं गाठोडं. मग रिफ्लेक्शन! आमची जेसन लायब्ररी फील्डची नावं वाचून त्यांत मूल्यं कोंबते. फील्ड कुणी वापरत नाही असं दिसलं तरी कंपायलरने ते उडवायचं कसं? आणि प्रोग्रॅम चालू असताना नवीन क्लास लोड होऊ शकतो, त्यामुळे आज जे खरं ते तासाभराने खरं राहीलच असं नाही.

"पण एस्केप ॲनालिसिस?" रिव्ह्यूत दुसरी कॉमेंट हीच होती. येणारच.

एस्केप ॲनालिसिस ही खरोखर सुंदर गोष्ट आहे. १९९९ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी जावासाठी ती कशी करायची यावर निबंध लिहिला आणि पुढे ती हॉटस्पॉटमध्ये आली. एखादं ऑब्जेक्ट त्या मेथडच्या बाहेर निसटत नाही असं सिद्ध झालं, तर ते हीपवर बनवायचंच नाही, त्याची फील्ड्स सुटी करून थेट रजिस्टरमध्ये ठेवायची. लूपमध्ये क्षणभर जगणारे इटरेटर, छोट्या जोड्या, बिंदू, हे सगळं त्यात विरघळून जातं. पण शब्द नीट वाचा: बाहेर निसटत नाही. आमची ऑर्डर कॅशमध्ये ठेवलीय. कॅशमध्ये ठेवणं म्हणजेच निसटणं. त्यासाठीच तर ती बनवली! म्हणजे ही युक्ती कचरा कमी करते, जन्मतःच मरणाऱ्या ऑब्जेक्टांचा. जे ऑब्जेक्ट जगतं, तासन् तास हीपवर ठाण मांडून बसतं, त्याला तिचा हातही लागत नाही. आणि पॉड मरतो तो या ठाण मांडणाऱ्यांमुळे. ऑप्टिमायझेशनच्या गप्पांत हा भेद कुणी करत नाही, आणि माझं सगळं भांडण इथेच आहे.

जगणारी ऑब्जेक्ट्स लहान करणारा कंपायलर कुणी बनवलाच नाही का? बनवला होता. २००३ साली एमआयटीच्या स्कॉट अनानियन आणि मार्टिन रिनार्ड यांनी जावा प्रोग्रॅम्सच्या डेटाचा आकार कमी करण्यावर एक निबंध लिहिला. मी तो दोनदा वाचलाय आणि दोन्ही वेळा हळहळलोय. कधीच न वाचलेली किंवा कायम तेच मूल्य असलेली फील्ड्स काढून टाका. इंट घोषित केलाय पण त्यात मोठे आकडे येतच नाहीत असं दिसलं, तर तेवढेच बिट द्या. एखादं फील्ड बहुतेक ऑब्जेक्ट्समध्ये तेच ते असेल, तर ते ऑब्जेक्टमधून बाहेर काढा आणि अपवादांपुरतं एका हॅश टेबलात ठेवा. ऑब्जेक्ट जन्मल्यावर बदलत नसलेल्या मूल्यांसाठी क्लासच वेगवेगळे पाडा. हेडरमधला क्लासचा पॉइंटर आखूड करा, कुलूप आणि हॅश ज्यांना लागतो त्यांनाच द्या. एसपीईसी जेव्हीएम ९८ च्या प्रोग्रॅम्सवर त्यांना जिवंत हीपची कमाल मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणता आली. प्रोग्रॅमरने एक ओळही न बदलता!

मग हे आपल्या जेव्हीएममध्ये का नाही? कारण त्यांचा कंपायलर सगळा प्रोग्रॅम आधी समोर ठेवून काम करायचा. नवीन क्लास नंतर टपकणार नाही ही त्याला खात्री होती. त्यांच्या डोळ्यांसमोर छोटी एम्बेडेड यंत्रं होती. आपण मात्र उघडं दार पसंत केलं: प्लगिन्स, फ्रेमवर्क, रिफ्लेक्शन, ॲनोटेशन लावलं की आपोआप होणारी इंजेक्शनं. दार उघडं ठेवायला माझी ना नाही. पण मग चोरी झाली की वॉचमनला बोल लावू नका.

या काळात जेव्हीएमवाल्यांनी काहीच केलं नाही असं म्हटलं तर तो अन्याय होईल. मागच्या दाराने त्यांनी बरंच केलंय. ६४ बिटच्या यंत्रावरही संदर्भ ४ बाइटमध्ये बसवले, कारण ऑब्जेक्ट आठच्या पटीतच सुरू होतं. चार अब्ज पत्ते गुणिले आठ, म्हणून ३२ जीबीची हद्द. ती ओलांडली की संदर्भ एकदम ८ बाइटचे होतात. "हीप ३१ वरून ३४ जीबी केलं तरी मेमरी कमीच पडतेय, उलट जास्त," असं रडणारे लोक मी प्रत्यक्ष पाहिलेत. २०१७ मध्ये जेडीके ९ मध्ये स्ट्रिंग आखूड झाली: सगळी अक्षरं लॅटिन-१ मधली असली तर अक्षराला एकच बाइट. (आपल्यासाठी गंमत अशी की त्या स्ट्रिंगमध्ये एक जरी 'ळ' आला, तर सगळीच्या सगळी स्ट्रिंग अक्षराला दोन बाइट घेते. पण देवनागरी अक्षराला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात, तेव्हा निखळ मराठी मजकूर जावाच्या पोटात फाइलपेक्षा आखूड असतो. कधी नव्हे ते आपण फायद्यात.) आणि २०२५ च्या सप्टेंबरात आलेल्या जेडीके २५ मध्ये हेडर १२ वरून ८ बाइटवर आणण्याची पक्की सोय झाली, फ्लॅग देऊन चालू करायची.

तो फ्लॅग मी कागदावर लावून बघितला. लाँगचा आणि डबलचा डबा २४ वरून १६, स्टेटसचा ॲरे ३२ वरून २४. ऑर्डर १५२ ची १२८ झाली. एवढ्या हुशार माणसांची इतक्या वर्षांची मेहनत, १५२ ची १२८. आणि माणसाने क्लास लिहितानाच विचार केला असता तर ४०.

फोनवरची गोष्ट वेगळी आहे, आणि ती जास्त चीड आणणारी आहे. अँड्रॉइडच्या एआरटीमध्ये हेडर मुळातच ८ बाइटचं, आकडे थोडे निराळे. पण मुख्य म्हणजे ॲप बांधताना सगळा प्रोग्रॅम समोर असतो! दार बंद असतं. तिथे आर-८ नावाचा कंपायलर बसलाय, २०१९ पासून तोच नेहमीचा. तो न वापरलेली फील्ड्स काढतो, क्लास एकमेकांत मिसळतो, एनमचे डबे फोडून साधे आकडे करतो. म्हणजे २००३ च्या त्या निबंधाचा जणू पुतण्याच. त्याच्यासमोर आम्ही काय ठेवलंय? नियमांच्या फाइलमध्ये एक ओळ: मॉडेलच्या पॅकेजमधलं सगळंच्या सगळं 'कीप', कशालाही हात लावू नकोस. का? तर कधीतरी जेसन फुटला होता, कुणीतरी इंटरनेटवरून ही ओळ उचलून चिकटवली, क्रॅश थांबला, सगळे घरी गेले. ज्या क्लासेसची हजारो ऑब्जेक्ट्स बनतात नेमके तेच आम्ही कंपायलरपासून लपवून ठेवलेत. आणि रिव्ह्यूत म्हणायचं, कंपायलर बघून घेईल. त्याच्या डोळ्यांवर पट्टी तुम्हीच बांधलीत ना राव!

कोटलिन आल्यावर तर डबे दिसेनासेच झाले. इंटपुढे एक प्रश्नचिन्ह टाकलं की जेव्हीएमवर त्याचा इंटिजर होतो. एक प्रश्नचिन्ह. आमच्या मॉडेल्समध्ये मी मोजली, १४० च्या वर निघाली. त्यातली किती फील्ड्स खरोखर नल असू शकतात? बॅकएंडवाल्यांना विचारलं तर म्हणाले, "नऊ. पण राहू दे ना, सेफ असतं."

आता तुम्ही म्हणाल, रॅम स्वस्त आहे. कुणाला? क्लाउडवर मेमरी दुप्पट मागितली की बिल वाढतं आणि ते दर महिन्याला येतं, कंपनी भरते, म्हणून आपल्याला स्वस्त वाटतं. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली तेव्हा रॅमचे भाव कुठे गेले, हे घरी पीसी जोडणाऱ्या मित्राला विचारा. आणि त्या रविवारच्या माणसाला स्वस्त आहे का? त्याच्या फोनमध्ये रॅमची कांडी बदलता येत नाही. फोनच बदलावा लागतो, हप्त्यांवर. आपल्या दीडशे बाइटच्या ऑर्डरीसाठी त्याने नवीन फोन घ्यायचा, आणि तोवर प्रत्येक जिन्यावर दोन मिनिटं घालवायची. दिवसाला तीस जिने धरा.

दुसरं ब्रह्मास्त्र म्हणजे क्नुथ. 'अकाली ऑप्टिमायझेशन' हे शब्द सगळ्यांना पाठ आहेत. १९७४ च्या त्याच निबंधात तो पुढे म्हणतो की उरलेल्या तीन टक्के मोक्याच्या जागांची संधी मात्र सोडू नका. हे कुणाला पाठ नाही. ५० लाख वेळा जन्माला येणारा क्लास मोक्याचा नसेल तर कुठला? आणि छोटा एल लिहायला मोठ्या एलपेक्षा वेळ जास्त लागतो असंही नाही. अकाली कसलं, हे टायपिंग आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. मी सगळं हाताने करा म्हणणाऱ्यांतला नाही. सगळा डेटा मोठमोठ्या बाइट ॲरेंमध्ये कोंबून ऑफसेट मोजत बसणारा कोड मी एके ठिकाणी सांभाळलाय, तिथे एक फील्ड वाढवायला आठवडा लागायचा. तसं नको. २०१४ पासून चाललेला व्हाल्हाला प्रकल्प नेमकं हेच भांडण सोडवायला निघालाय: क्लास लिहितानाच सांगा की याला ओळख नको, मग जेव्हीएम त्याचा डबा फोडायला मोकळा. तिथेही, सांगायचं आपणच आहे. ओळख हवी की नको हा प्रश्न कंपायलरला सुटत नाही, कारण त्याचं उत्तर कोडमध्ये नसतं, ते ऑर्डर म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याच्या डोक्यात असतं.

तर आमच्याकडे सध्या परिस्थिती अशी. सर्व्हरचा बदल गुरुवारी गेला. कॅशचे ९५० होते ते ३१० वर आले (हिशेबापेक्षा १० जास्त का, ते अजून कळलेलं नाही, शोधतोय). पॉडची मर्यादा दोनवरून चार जीबी करायची विनंती मागे घेतली. "सोड ना" म्हणणाऱ्याने अंगठा दिला, वर "पण स्ट्रिंग डीडुप्लिकेशनचा फ्लॅग लावला असता तरी चाललं असतं" असं लिहिलं. नसतं चाललं. तो फ्लॅग आतला ॲरे एक करतो, स्ट्रिंगचे २४ बाइट जागच्या जागी राहतात, आणि लाँग-डबलच्या डब्यांशी त्याचा काही संबंध नाही. सोमवारी चहाला सांगतो त्याला.

ॲपचं मात्र अडलंय. ती 'कीप'ची ओळ काढली की जेसनचे अकरा टेस्ट फुटतात. रिफ्लेक्शनऐवजी कंपाइलच्या वेळीच कोड तयार करणारं सिरियलायझेशन लावायला हवं, म्हणजे साधारण दोन आठवड्यांचं काम. प्लॅनिंगमध्ये मी मागितलं, तेव्हा मॅनेजरने विचारलं, "युजरला काय दिसेल यातनं?" मी त्याला रविवारच्या त्या माणसाची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण तो युजर नाहीये ना, तो रायडर आहे." तिकीट पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकललंय. मी काल रात्री घरीच ब्रांच काढली, अकरापैकी चार टेस्ट पास झालेत.